आठव्या फर्म्याचा सांधा

मावशीच्या हाताखालून आजवर हजारो पुस्तकं गेली होती आणि त्यातलं एकही तिने पूर्ण वाचलं नव्हतं. यात तिचा दोष नव्हता. बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तक हे पुस्तक म्हणून येतच नाही, फर्म्यांनी येतं. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या पडल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो, असे दहा-वीस फर्मे एकाला एक शिवले की पुस्तक. मावशी हे शिवायचं काम करायची, चौतीस वर्षं, खिडकीखालच्या एकाच बाकावर बसून. चहाच्या सुट्टीत हाताशी जो फर्मा असेल तो ती वाचायची. त्यामुळे तिला खून ठाऊक असायचा, खुनी नाही. नवराबायकोचं भांडण ठाऊक असायचं, समेट नाही.

"पुढचं मी माझ्या मनाने लावून घेते," ती सांगायची. "आणि खरं सांगू का, लिहिणाऱ्यापेक्षा माझंच जास्त जमतं."

हीच खोड शेवटी तिच्या अंगाशी आली.

थोरल्या मालकांच्या वेळेपासून कारखान्यात एक नियम होता. फार पूर्वी एका कादंबरीचे दोन फर्मे चुकून उलटे शिवले गेले होते, आणि त्या साडेतीनशे प्रतींमध्ये नवरदेव आधी वारला आणि मग त्याचं लग्न लागलं. लेखक कारखान्यात येऊन रडला होता म्हणे. तेव्हापासून थोरल्या मालकांनी ठरवलं की नुसत्या पानांच्या आकड्यांवर विसंबायचं नाही. कुठलंही पुस्तक पहिल्यांदा शिवताना एकाने शिवायचं आणि दुसऱ्याने शेजारी बसून मोठ्याने वाचायचं: या फर्म्याचे शेवटचे दोन शब्द, त्या फर्म्याचे पहिले दोन शब्द. वाक्य जुळलं तर सुई पुढे. याला सगळे 'सांधा वाचणं' म्हणत.

थोरले मालक गेल्याला तीन वर्षं झाली होती. आता कारखाना त्यांची मुलगी बघायची. सगळे तिला ताई म्हणत, एकटी मावशी तिला चिमणे म्हणायची, कारण ही मालकीणबाई लहानपणी पुठ्ठ्याच्या कातरणाने भरलेल्या खोक्यात, याच शिवणाच्या बाकाखाली, दुपारची झोपत असे. मावशी पायाच्या अंगठ्याने खोकं हलवायची आणि हाताने पुस्तक शिवायची. असं वाढवलेलं पोर पुढे पगार द्यायला लागतं तेव्हा मोठी गंमत असते. पहिल्या महिन्यात ताईने मावशीला पाकीट दिलं ते मान खाली घालून, आणि मावशीने घेतलं ते तिच्या गालाला हात लावून. मग दोघींनाही जरा रडू आलं आणि कटिंगवाले उस्ताद उगीचच मशीनला तेल घालत बसले.

ताई हुशार होती, कष्टाळू होती, पण निर्णय म्हटला की ती पुन्हापुन्हा मागेपुढे बघायची. वडील पाच मिनिटांत हो किंवा नाही म्हणून मोकळे होत. चुकले तर जोरात हसत. ताई मात्र पुठ्ठ्याचा रंग ठरवायलाही दोन दिवस घ्यायची. तशात तिच्यापुढे खरोखरचा मोठा प्रश्न आला. एका प्रकाशकाला शाळेतल्या मुलांसाठी शब्दकोश काढायचा होता. नऊशे पानं, पाच हजार प्रती, तीन महिन्यांत. एवढं हाताने शिवून होणार नाही, म्हणून त्याची अट होती की पुस्तक चिकटवून बांधायचं, आणि त्यासाठी चिकटवायचं मशीन घ्यायचं. काम झालं तर पुढची पाच वर्षं त्याची सगळी पुस्तकं इथेच. करारात शेवटी आणखी एक ओळ होती: वर्षभरात जेवढी पुस्तकं सुटून परत येतील तेवढी कारखान्याने स्वखर्चाने पुन्हा बांधून द्यायची. त्या ओळीकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. सगळे मशीनच्या गोष्टीत गुंतले होते.

मशीनवाल्या कंपनीचा विक्रेता एके सकाळी टेप घेऊन आला. त्याने सगळ्या खोलीची मापं घेतली आणि फिरत फिरत खिडकीपाशी येऊन थांबला. मशीनला लागणारं जाड वायरचं बटण तिथेच होतं, हवाही तिथेच होती.

"मावशी, जरा पाय वर घ्या," तो म्हणाला.

मावशीने पाय वर घेतले. त्याने बाकाखालून टेप सरकवला, भिंतीपर्यंत नेला, वहीत काहीतरी लिहिलं आणि "एकदम फिट्ट!" असं खुशीत म्हणाला. मावशीने पाय खाली घेतले आणि पुढचा फर्मा चढवला. दोरा तुटला. तिचा दोरा तुटायचा नाही, मेण लावल्याशिवाय ती शिवायला घ्यायचीच नाही. त्या दिवशी दोनदा तुटला.

ताई हे काचेच्या केबिनमधून बघत होती. ती बाहेर येईल आणि काहीतरी बोलेल असं मावशीला वाटलं. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोर आपली नजर चुकवते आहे एवढं मात्र मावशीच्या ध्यानात आलं.

ताईचा भाऊ दुसऱ्या शहरात मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. तिने त्याला फोन केला, तर त्याने सल्ला दिला नाही, यादी पाठवली. 'धोका, निर्णय आणि व्यवस्थापन: अवश्य वाचावीत अशी अकरा पुस्तकं.' प्रत्येकापुढे त्याने एक-एक ओळ लिहिली होती. एकात धोका कसा मोजायचा ते होतं, दुसऱ्यात मोजलेला धोका विसरून झोपायचं कसं ते. एकात माणसं कशी ओळखायची, एकात माणसांवर विसंबायचं नाही ते का. यादीतल्या पहिल्या पुस्तकाखाली दोन रेघा होत्या, आणि कॉलेजात असतानाची स्वतःची प्रत त्याने कुरिअरने पाठवूनही दिली होती. सोबत चिठ्ठी: 'हे वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नकोस. शिवण उसवली आहे, बांधून घे. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी येतोय, तेव्हा परत नेईन.'

तो सोमवार होता. प्रकाशकाला उत्तर द्यायचं होतं पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी. ताईने पुस्तक उघडलं तर पुठ्ठा तिच्या हातात आणि फर्मे टेबलावर.

"एकशे साठ पानं," ती हताशपणे म्हणाली. "कधी वाचू मी? वार्षिक अहवालांचं काम अंगावर आहे."

उस्तादांनी टेबलावरचे फर्मे मोजले. "दहा आहेत. आपण माणसं पाच. वाटा की."

हा उस्तादांचा विनोद होता. पण ताईने तो खरा मानला, आणि बघता बघता तिने पत्ते वाटावेत तसे फर्मे वाटलेसुद्धा. पहिला तिला स्वतःला, दुसरा उस्तादांना, तिसरा मावशीला, चौथा खळ लावणाऱ्या चिकट्याला, पाचवा घडीवाल्या वहिनीला. सहावा पुन्हा ताईला, आणि तसंच पुढे. मावशीच्या वाट्याला तिसरा आणि आठवा आला.

"शनिवारी दुपारी बसू," ताई म्हणाली. "प्रत्येकाने आपापल्या फर्म्यात काय आहे ते सांगायचं. म्हणजे सगळ्यांचं मिळून पुस्तक वाचून होईल."

"आणि अर्धी वाक्यं?" वहिनीने विचारलं.

"अर्धी सोडून द्यायची," चिकट्या अनुभवी माणसाच्या थाटात म्हणाला. "मी नेहमी पहिल्या पूर्ण वाक्यापासून सुरू करतो. अर्ध्या वाक्याने माणसाचं डोकं उठतं."

तो आठवडा कारखान्यात मोठा विद्वत्तेचा गेला. उस्ताद ब्लेडला धार लावता लावता 'संभाव्यता' म्हणायला लागले. वहिनीने दुपारच्या डब्याला 'साधनसामग्रीचं वाटप' म्हणायला सुरुवात केली. दुसरा फर्मा उस्तादांकडे होता, त्यात तिसाव्या पानापर्यंत भावाने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. त्यानंतर रेघा नाहीत. त्यानंतरच्या एकाही फर्म्यात नाहीत. सगळी पानं अशी कोरी करकरीत की कुणी बोटही लावलं नसावं.

"तुमच्या भावाने तिसाव्या पानावर निर्णय घेतलेला दिसतो," उस्ताद ताईला म्हणाले. ताई आठ दिवसांत पहिल्यांदा हसली.

मावशीने तिसरा फर्मा बुधवारी वाचून संपवला. त्यात आलेख होते. आठवा तिने शुक्रवारी संध्याकाळी घरी नेला, चष्मा पुसला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. हा सोपा होता. धंदा जुना झाला की काय होतं, नवं यंत्र आणताना मालकाच्या मनात काय काय येतं, असं सगळं साध्या भाषेत होतं. वाचता वाचता तिला खिडकी दिसायला लागली, बाक दिसायला लागला, टेप दिसायला लागला. आणि एकशे अठ्ठाविसाव्या पानावर, अगदी शेवटी, असं लिहिलं होतं:

'धंद्याला नवे वळण देण्याची वेळ येते तेव्हा मालकाने मन घट्ट करावे, आणि सगळ्यात आधी आपल्या जुन्या माणसांना'

फर्मा संपला.

मावशीने पान उलटलं. पलीकडे काही नव्हतं, असणारही नव्हतं. तिने चष्मा काढून ठेवला.

पुढचं काय ते मनाने लावून घ्यायची तिला चौतीस वर्षांची सवय होती. यात तर लावून घेण्यासारखंही काही नव्हतं. मन घट्ट करून जुन्या माणसांना काय करतात? सत्कार करायला कुणाला मन घट्ट करावं लागत नाही. पोर नजर का चुकवते याचा उलगडा झाला. ताईकडे पहिला आणि सहावा होता, तिने हे वाचलेलं नव्हतं, पण ज्या शहाण्या माणसांनी अशी पुस्तकं लिहिली त्यांना जे कळतं ते पोरीलाही कळलंच असणार. कळलं होतं, फक्त धीर होत नव्हता.

आणि मग मावशीच्या मनात जे आलं तो राग नव्हता, हे सांगायला हवं. तिला त्या पोरीची दया आली. आपल्याला घरी जा म्हणायला हिला किती जड जाईल! ही रडेल, जेवणार नाही, महिनाभर झुरत राहील. बापाच्या जागी बसलेली पोर, आणि तिच्या वाटेत कोण आडवं आलंय तर जिने खोकं हलवून तिला झोपवलं ती. मावशीला ते सहन होईना. तिने ठरवलं, की हिला बोलायलाच लावायचं नाही. आपणच उठायचं.

शनिवारी दुपारी सगळे कापायच्या टेबलाभोवती चहा घेऊन बसले. ताईने वही उघडली.

"माझ्या सातव्यात आहे, की निर्णय झटपट घ्यावा," उस्ताद म्हणाले. "उशीर म्हणजेच नुकसान."

"माझ्या पाचव्यात आहे, की घाई अजिबात करू नये," वहिनी म्हणाली. "एका माणसाची गोष्ट दिली आहे. त्याने घाईघाईने जहाज विकत घेतलं, सगळा माल त्यात भरला, जहाज निघालं, आणि माझा फर्मा संपला. दोन दिवस झाले, मला चैन नाही. पुढचा कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," ताई म्हणाली. "बुडालं."

"अगं बाई!" वहिनीने कप खाली ठेवला. "माणसं वाचली ना?"

"माणसांचं काही लिहिलेलं नाही."

"हे असं असतं बघा या पुस्तकांचं," वहिनी खरोखरच चिडली.

चिकट्याने आपल्या फर्म्यातला एक तक्ता दाखवला, उस्तादांनी तो उलटा धरून त्यावर मत दिलं, आणि अर्ध्या तासात असं झालं की मशीन घ्यावं हेही पुस्तकात होतं आणि घेऊ नये हेही. ताईच्या वहीत एका बाजूला सात ओळी, दुसऱ्या बाजूला सात. ती मावशीकडे वळली.

"मावशी, तुझ्या आठव्यात काय आहे?"

मावशीने चहाचा घोट घेतला. "आकडे आहेत गं नुसते. मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

चौतीस वर्षांत ती त्या पोरीशी पहिल्यांदा खोटं बोलली. आणि खोटं एक नव्हतं, दोन होती. कारण प्रकाशकाच्या त्या शब्दकोशाबद्दल तिला बरंच काही कळत होतं. ते तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण आता तोंड उघडलं तर म्हातारी आपला बाक वाचवायला बघते असंच दिसलं असतं. मग ती गप्प बसली.

रविवारी तिने चिठ्ठी लिहिली. घरात लिहायला धड कागद नव्हता, म्हणून कारखान्यातून केव्हातरी आणलेला पुठ्ठ्याला आतून लावायच्या जाड अस्तराच्या कागदाचा एक तुकडा घेतला. 'प्रकृतीच्या कारणास्तव मला यापुढे काम करणे शक्य नाही,' असं तिने लिहिलं. तिची प्रकृती अशी की सर्दीसुद्धा तिला विचारून यायची. पण अशा चिठ्ठ्यांत तेच लिहायचं असतं. खाली सही केली, चार घड्या घातल्या, कारखान्यात घड्या हाडाच्या पट्टीने दाबतात तशा अंगठ्याच्या नखाने दाबल्या, आणि पिशवीत ठेवली.

सोमवारी सकाळी ती चिठ्ठी द्यायच्या बेतातच केबिनकडे निघाली, तोच ताई दहा फर्म्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली.

"मावशी, दादाचं पुस्तक आज शिवून टाकू या. रविवारी येतोय तो. तू शीव, सांधा मी वाचते."

मावशीला वाटलं, बरं झालं. शेवटचं काम या पोरीच्या शेजारी बसून होईल. मग देऊ चिठ्ठी.

ती बाकावर बसली, शिवायची लाकडी चौकट पुढे ओढली, दोऱ्याला नीट मेण लावलं. ताई शेजारच्या स्टुलावर बसली. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि पलीकडे कटिंग मशीन खाली-वर होत होतं. कितीतरी दिवसांनी दोघी अशा गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या.

"'नफा म्हणजे'... 'केवळ शिल्लक नव्हे'," ताई वाचत होती. सुई पुढे. "'त्याने जहाजाच्या'... 'कप्तानाला पत्र पाठवले'." सुई पुढे. सहावा, सातवा. मावशीचा हात एका लयीत चालला होता. आठवा चढला. सुई आत गेली, बाहेर आली. ताईने आठव्याचं शेवटचं पान बघितलं आणि नववा उचलला.

"'जुन्या माणसांना'," तिने वाचलं, "'जवळ बसवून विचारावे'."

सुई वरच्या वर थांबली.

"काय म्हणालीस?" मावशीने विचारलं.

"का? जुळतंय की. 'आपल्या जुन्या माणसांना जवळ बसवून विचारावे, की यात काय बिघडू शकते.'" ताई पुढे वाचत गेली. सांध्याला एवढं वाचायचं नसतं, पण तिचा आवाज हळूहळू खाली येत गेला. "'ती आपण होऊन बोलणार नाहीत. बोललो तर आपल्या पोटासाठी बोललो असे दिसेल, या भीतीने ती गप्प राहतात, आणि धोका नेमका कुठे आहे हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. त्यांचे उत्तर ऐकायलाच मन घट्ट करावे लागते.'"

मशीन खाली-वर होत होतं. ताईने नववा फर्मा मांडीवर ठेवला.

"चिकट्या!" ती ओरडली. "नवव्यातलं पहिलं वाक्य का नाही सांगितलंस शनिवारी?"

"अर्धं होतं ताई," चिकट्या तिकडून म्हणाला. "अर्धं मी वाचत नाही, आणि पुढच्या ओळींतली 'ती' म्हणजे कोण ते मला कळलंच नाही."

ताई मावशीकडे वळली. "आणि तू म्हणालीस आकडे आहेत."

 मावशीला चष्म्यातून काही दिसत नव्हतं, म्हणून तिने तो काढून पदराने पुसला, आणि पुसतच राहिली.

"मावशी," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, खोक्यातल्या पोरीसारखा. "मी तुला विचारायला हवं होतं. पहिल्याच दिवशी. पण मशीन इथेच बसतंय, या खिडकीत, हे तुला कसल्या तोंडाने सांगायचं, तेच मला कळेना. तुझी जागा मी नकाशात माझ्या टेबलाशेजारी काढली आहे, दुसऱ्या खिडकीत. वीसदा काढली आणि खोडली. तुला दाखवायची हिंमत झाली नाही."

"नकाशात काढलीस?"

"हो."

"माझ्या बाकासकट?"

"मग काय, तुला उभी ठेवणार होते?" ताई रडत होती आणि चिडलीही होती. "सांग आता. काय बिघडू शकतं? मी मन घट्ट केलंय."

मावशीने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मशीन चांगलं आहे," ती म्हणाली. "घे तू ते. पातळ पुस्तकांना, अहवालांना, एकदा वाचून ठेवायच्या गोष्टींना चिकटवलेलं चालतं. पण शब्दकोश नऊशे पानांचा, कागद पातळ, आणि हाताळणार कोण? पोरं. शब्दकोश कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही गं, तो मध्येच उघडतात आणि पालथा ठेवतात. वाचनालयातून दरवर्षी माझ्याकडे शिवायला पुस्तकं येतात, त्यातले अर्धे चिकटवलेले शब्दकोश असतात, आणि प्रत्येक मधोमध फुटलेला असतो. वर्ष काढत नाहीत ते. तुझ्या करारात शेवटची ओळ काय आहे?"

ताईने ओठावर हात ठेवला. "सुटून आलेली पुस्तकं आपल्या खर्चाने पुन्हा बांधायची."

"पाच हजार," मावशी म्हणाली. "तेव्हा शिवून घेशील कुणाकडून?"

तिने सुईतला दोरा ताणून बघितला. मग म्हणाली, "आणि हे मी माझ्या बाकासाठी बोलत नाही."

"बाकासाठी बोललीस तरी चाललं असतं," ताई म्हणाली आणि तिने मावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तुला ठाऊक असून तू गप्प राहिलीस. मी बुडाले असते ना गं जहाजासारखी."

"तुझ्या जहाजात माणसं वाचली असती," मावशी म्हणाली. "मी पुढचं तसंच लावून घेतलं असतं."

दहावा फर्मा शिवून झाला. मावशीने गाठ मारली, दोरा कापला आणि पुस्तक दोन फळ्यांच्या दाबात उभं धरलं. आता शिवलेल्या पाठीवर, कण्यावर, कागदाची पट्टी चिकटवायची होती, म्हणजे शिवण धरून राहते.

"जाड कागद बघ गं एखादा," ताई खळीचं भांडं पुढे ओढत म्हणाली.

मावशीने पिशवीत हात घातला. चार घड्यांचा अस्तराचा कागद काढला, उलगडला, कण्याच्या मापाने त्याच्या सरळ पट्ट्या फाडल्या. ताई बघत होती. एका पट्टीवर 'प्रकृतीच्या' असं दिसलं, दुसरीवर मावशीची सही. ताईचा कुंचला क्षणभर हवेत राहिला.  मग तिने भांड्यात कुंचला चांगला बुडवला आणि त्या पट्ट्यांना, दोन्ही बाजूंनी, गरजेपेक्षा कितीतरी जास्त खळ लावली.

मंगळवारी प्रकाशकाला फोन गेला. शब्दकोश शिवायचाच, किंमत थोडी वाढेल, चार महिने लागतील, मशीनवर बाकीची पुस्तकं होतील. पटत असेल तर हो म्हणा. ताईचा आवाज सुरुवातीला कापत होता, शेवटी नव्हता. प्रकाशक घासाघीस करत राहिला, एकदा तर "दुसरीकडे जातो" म्हणाला. ताई म्हणाली, "जा, पण परत येणाऱ्या पुस्तकांच्या त्या ओळीवर तिथे सही करतात का ते आधी बघा." शनिवारी त्याचा होकार आला. दोन बायका जास्तीच्या घ्याव्या लागणार होत्या शिवायला, आणि त्यांना शिकवायचं काम कुणाचं ते सांगायला नकोच.

रविवारी भाऊ आला, तेव्हा वार्षिक अहवालांसाठी कारखाना सुट्टीतही चालू होता. कारखाना बघायला म्हणून आत आला, मावशीच्या पाया पडला, उस्तादांशी हस्तांदोलन केलं आणि त्यांनी "तिसाव्या पानानंतर कसं आहे पुस्तक?" असं विचारल्यावर उगीच खोकला. मग त्याने आपलं पुस्तक हातात घेतलं, मधोमध उघडलं, पार सपाट होईपर्यंत दाबलं, पालथं करून झटकलं. एक पान हललं नाही.

"नवीन होतं तेव्हाही एवढं घट्ट नव्हतं," तो म्हणाला. "कण्यात काय घातलंय हो मावशी?"

मावशी सुईत दोरा ओवत होती. तिने ताईकडे बघितलं, ताईने तिच्याकडे.

"रद्दी," मावशी म्हणाली.